आठ पंचेचाळीसचं पान

कुस्ती १४ मिनिटं चालली. तिचा फोटो कचेरीत पोचायला २५ मिनिटं लागली. त्या २५ मिनिटांत काय काय बिघडलं, त्यातलं नेटवर्कच्या वाट्याचं किती आणि माझ्या वाट्याचं किती, याचा हा हिशेब. माझ्या वाट्याचं जास्त निघालं, हे आधीच सांगून टाकतो.

मैदान आणि घड्याळ

एप्रिल २०२३. सांगली जिल्ह्यातल्या एका गावची यात्रा, आणि शेवटच्या दिवशी मातीवरचं मैदान. मी एका दैनिकाच्या जिल्हा कचेरीला फोटो पुरवतो. पगारावर नाही, फोटोमागे पैसे. (किती, ते विचारू नका.) अशा मैदानात दुपारी तीनला पोराटोरांच्या रेवड्या-नारळावरच्या कुस्त्या सुरू होतात, मग रकमा चढत जातात आणि सगळ्यात शेवटी एक नंबरची कुस्ती लागते. पत्रिकेत तिची वेळ साडेसहा छापलेली होती. मैदानं पाहिलेल्या माणसाला यावर हसूच येईल. सत्कार झाले, फेटे बांधले गेले, पाहुण्यांची वाट पाहून झाली, निवेदकाने तीन पिढ्यांच्या वस्तादांच्या आठवणी काढल्या. पाहुण्यांनी दोघांचे हात एकमेकांच्या हातात देऊन कुस्ती लावली तेव्हा ८ वाजून ८ मिनिटं झाली होती.

तिकडे कचेरीत वेगळंच घड्याळ चालू होतं. लांबच्या तालुक्यांना जाणारी डाक आवृत्ती आधी छापायला जाते, शहर आवृत्ती सगळ्यात शेवटी. त्या रात्री डाकेचं क्रीडा पान ८.४५ ला सोडायचं होतं. मैदान झालं तो तालुका डाक आवृत्तीचाच. शहर आवृत्तीत फोटो कितीही मोठा लागला असता, तरी ज्यांनी ती कुस्ती मातीच्या कडेला बसून पाहिली त्यांच्या हातात तो पडला नसता. सकाळी पेपर उघडून त्या फोटोत स्वतःचा फेटा शोधणारा वाचक हाच आमचा खरा वाचक.

पूर्वीचे फोटोग्राफर अशा वेळी रोल गुंडाळून शेवटच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे, आणि स्टँडवर कचेरीतला शिपाई उभा असायचा. पद्धत संथ होती खरी, पण गाडी किती वाजता लागते हे दोन्ही टोकांना ठाऊक असायचं. आता फोटो निघाला की नाही, निघाला असेल तर कुठवर आला, हे दोन्ही टोकांना कळत नाही.

साडेपाचला मी मैदानाच्या कडेला बसून रीतसर चाचणी घेतली होती. अपलोडचा वेग १२ एमबीपीएस आला. दुपारच्या कुस्त्यांचे चार फोटो एफटीपीने (फाइल थेट कचेरीच्या सर्व्हरवर चढवायची पद्धत) लावले, अर्ध्या मिनिटात गेले. मी निर्धास्त झालो. तेव्हा मैदानात दोन-तीन हजार माणूस होतं. साडेआठला तीसेक हजार असावं. आयोजक पन्नास म्हणत होते.

८.२२ ते ८.४७

८.२२ ला खाली घेतलेल्या पैलवानावर घिस्सा डाव पडला आणि त्याची पाठ मातीला लागली. हलगी कडाडली, फेटे-टोप्या हवेत उडाल्या. मी तीसेक फ्रेम सलग मारल्या. त्यातल्या एका फ्रेममध्ये सगळं होतं: मातीला टेकलेले दोन्ही खांदे, वरच्याचा आवळलेला चेहरा, मागे अधांतरी फेटे.

पुढचं एक काम मात्र नीट केलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा विझेपर्यंत कार्डाला हात लावला नाही. इतक्या फ्रेम एका दमात मारल्या की त्या कॅमेऱ्याच्या पोटातून कार्डावर उतरायला वीसेक सेकंद घेतात. दिवा चालू असताना कार्ड ओढलं तर शेवटच्या फ्रेम जातात, आणि कुस्तीत हव्या असतात त्या शेवटच्याच. एकदा एका कबड्डी सामन्यात हे करून बसलोय, तेव्हापासून त्या दिव्याचा धाक आहे. कार्ड शर्टाखाली धरून काढलं, कारण आखाड्यातली तांबडी माती, त्यात ताक आणि तेल मुरलेलं, हवेत उडाली की जिथे फट दिसेल तिथे जाऊन बसते.

८.२७ ला तीन फोटो निवडले. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडला आणि तिन्ही पूर्ण आकारात एफटीपीच्या रांगेत लावले. फोनवर नेटवर्कच्या पाचही काड्या उभ्या. निळी पट्टी पाच टक्क्यांवर गेली, थांबली, अकरावर गेली, परत थांबली. तिशीच्या आसपास पोचल्यावर जोडणी तुटली.

८.३१ ला कचेरीतून उपसंपादकांचा फोन.

"अरे, वरचे उडालेले फेटे दिसतायत फक्त. खाली सगळं करडं. कुस्ती कुठंय?"

"सर, मध्येच तुटलंय. परत लावतो."

परत लावलं ते शून्यापासून. एफटीपीचं सॉफ्टवेअर तुटलेल्या जागेपासून पुढे पाठवू शकतं, पण ती सोय माझ्याकडे बंद होती. ते जुन्या फाइलवर नवीन फाइल चढवत होतं. ८.३३ ला दुसऱ्या कंपनीच्या सिमवर गेलो. तिथेही पाच काड्या, तिथेही तीच गत.

८.३४ ला लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक बारीक बाण फिरताना दिसला. फोटोंचं फोल्डर आपोआप क्लाउडवर चढवणारी सोय चालू होती. घरच्या वायफायवर लावून ठेवलेली, मी विसरून गेलो होतो, ती विसरली नव्हती. दुपारपासून काढलेले शेकडो फोटो ती त्याच हॉटस्पॉटवरून वर ढकलत होती. म्हणजे थेंब थेंब येणाऱ्या नळाला मीच दुसरी तोटी लावून ठेवली होती. ती बंद केली. एकच फोटो घेतला, रुंदी २००० ठिपक्यांवर आणली, फाइल साडेसहाशे केबीची झाली. केबलने फोनमध्ये घेतली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून लावली. संदेशाखाली घड्याळाचं चिन्ह येऊन बसलं ते हलेना.

८.३७ ला मी एक गोष्ट केली जी १० मिनिटं आधी करायला हवी होती. खाली बसून खटपट करणं सोडलं, कचेरीला स्वतः फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं.

"सर, इथून जाणार नाही. गर्दीबाहेर जाऊन पाठवतो, दहा मिनिटं लागतील."

"आडवा की उभा?"

"आडवा. चार कॉलमचा आहे."

"मी चार कॉलम मोकळे ठेवतो. फोटोओळ आताच सांग, टाइप करून घेतो. ५५ च्या पुढं एक मिनिट नाही. तोवर नाही आला तर दुपारचा लावून पान सोडणार."

हलगीच्या आवाजात ओरडून ओरडून दोघांची नावं, गावं, डाव आणि वेळ सांगितली. फोन उचलताना आणि बोलताना एकदाही अडखळला नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

यात्रा कमिटीतल्या एका पोराने मोटरसायकल काढली. मैदानाचा रस्ता घरी निघालेल्या माणसांनी आणि ट्रॅक्टरांनी तुंबलेला, म्हणून तो पाणंदीने निघाला. लॅपटॉप छातीशी धरून मी मागे. दोनेक किलोमीटरवर ओढ्याच्या पुलावर थांबलो तेव्हा ८.४६ झाले होते. तिथे नेटवर्कच्या दोनच काड्या होत्या, वाटलं आता संपलंच. पुलाच्या कठड्यावर लॅपटॉप उघडतोय तेवढ्यात खिशातला फोन वाजला. काढून पाहिलं तर मघाशी अडकलेला संदेश आपोआप निघून गेला होता, खाली दोन टिक, आणि उपसंपादकांचं एका शब्दाचं उत्तर: "मिळाला." ८.४७. पान ८.५२ ला सुटलं.

नेमकं काय बिघडलं होतं

पाच काड्या असताना फोटो जात नव्हता आणि दोन काड्यांवर गेला, याचा उलगडा आधी करतो, कारण बहुतेक फोटोग्राफर इथेच फसतात. काड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती स्पष्ट ऐकू येतोय. टॉवरला तुमचं ऐकायला सवड आहे का, हे त्या सांगत नाहीत. तलाठी कार्यालयाच्या दारात पोचलो म्हणजे उतारा मिळाला असं होत नाही. आत रांग असते. मैदानावर त्या रांगेत हजारो माणसं होती, आणि एक नंबरची कुस्ती लागताच त्यातल्या बऱ्याच जणांनी मोबाइल वर करून लाइव्ह सुरू केलेलं.

त्यात आणखी एक मेख आहे. आपल्याकडच्या बऱ्याच ४जी-५जी पट्ट्यांत पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं, आणि त्या पाळ्यांतला मोठा वाटा घेण्याला दिलेला असतो, कारण माणसं एरवी व्हिडिओ पाहतात, पाठवत नाहीत. यात्रेच्या रात्री नेमकं उलटं होतं. पाठवण्याची चिंचोळी बोळ आणि तीत अख्खं मैदान. दोन किलोमीटरवरच्या पुलावर फोन बहुधा शेजारच्या गावच्या टॉवरला लागला. लांबचा, क्षीण, पण रिकामा.

फोन कॉल सुरळीत लागत होते त्याचंही कारण आहे. ४जीवरच्या कॉलला नेटवर्क वेगळी, अग्रक्रमाची वाट देतं. बाकी डेटाला ती मिळत नाही. म्हणून डेटा मेला असला तरी कचेरीशी बोलता येतं, आणि ते बोलणं हाच त्या रात्रीचा सगळ्यात कामाचा मार्ग ठरला. ८.४५ चे ८.५५ झाले ते केवळ त्या फोनमुळे. त्याआधीची १० मिनिटं मी "होईल, होईल" या आशेवर घालवली. कचेरीला फोटो उशिरा येण्याचा त्रास होतोच, पण तो येणार की नाही हेच माहीत नसण्याचा जास्त होतो. पान लावणाऱ्याला आडवा की उभा, किती कॉलम आणि ओळ काय एवढं कळलं, तर तो बाकीचं पान बांधून ठेवू शकतो.

आता आकाराचं गणित. हे मी नंतर कागदावर मांडलं आणि स्वतःचाच राग आला. एफटीपीच्या नोंदीत त्या वेळचा वेग सेकंदाला सुमारे २४ केबी दिसतो. माझा एकेक फोटो १० एमबीचा. दिवसा तोच कॅमेरा सहा एमबीची फाइल देतो. रात्री दिव्यांखाली आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, ६४०० वर चढवून काढलेल्या फोटोत बारीक ठिपक्यांचे दाणे येतात, आणि फोटो दाबून लहान करणाऱ्या जेपीईजीला दाणे नीट दाबता येत नाहीत, म्हणून फाइल फुगते. १० एमबी २४ केबीने पाठवायला सात मिनिटं. तीन फोटोंना २१, तेही मध्ये काही तुटलं नाही तर. साडेसहाशे केबीच्या फाइलला त्याच वेगाने २७ सेकंद.

आणि छापायला लागतं किती? चार कॉलम म्हणजे १६-१७ सेंटीमीटर, साधारण साडेसहा इंच. वर्तमानपत्राच्या कागदावर इंचाला २०० ठिपके भरपूर झाले. त्याहून बारीक तपशील तो कागद शाई पितानाच गिळून टाकतो. म्हणजे १३०० ठिपक्यांत काम होतं. मी साडेपाच हजार ठिपके रुंदीचा फोटो पाठवायला बसलो होतो. दर्जाबद्दलची ही भक्ती छायाचित्र प्रदर्शनात शोभते. ८.२७ ला, ८.४५ च्या पानासाठी, ती निव्वळ सवय होती. पूर्ण आकाराची फाइल मी ९.४० ला गावाबाहेरून शहर आवृत्तीसाठी पाठवली. दोन्ही पेपर शेजारी ठेवून मी फरक शोधला. मला थोडा दिसला. घरात दुसऱ्या कुणाला दिसला नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र कॅमेऱ्याची, नेटवर्कची नव्हती. ८.०८ ला पाहुण्यांनी हात मिळवून कुस्ती लावली, तेव्हा मी तो फोटो काढला होता. प्रत्येक मैदानात काढतो. दोन्ही पैलवान समोरासमोर, दोघांचे चेहरे स्पष्ट, गावचे लोक मागे. निकाल काहीही लागो, तो फोटो खोटा ठरत नाही. कुस्ती चालू असलेल्या १४ मिनिटांत तो बारीक करून पाठवायला लावला असता, तर तो रेंगाळत का होईना कचेरीत पडून राहिला असता, आणि निकालाचा फोटो नसता आला तरी डाकेच्या पानावर कुस्ती दिसली असती. मी तो कार्डावरच ठेवला, कारण माझ्या डोक्यात चितपटीचा फोटो होता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका पेपरात नेमका हात मिळवल्याचा फोटो होता. तिथल्या फोटोग्राफरकडे माझ्याइतकी चांगली फ्रेम होती की नव्हती कोण जाणे, पण तो ८.४५ ला घामाघूम झालेला नव्हता हे नक्की.

मचाणावरची वायर

यानंतर मी बऱ्याच गोष्टी बदलल्या. हॉटस्पॉटला लॅपटॉपमध्ये 'मीटर्ड' करून टाकलं, म्हणजे क्लाउड आणि विंडोजचे अपडेट गुमान बसतात. २००० ठिपक्यांची सेटिंग एका बटणावर बांधून ठेवली. लॅपटॉप आता पिशवीत असतो, पण डेडलाइनचा पहिला फोटो फोनला छोटा कार्ड रीडर लावूनच पाठवतो. एफटीपीत तुटलेल्या जागेपासून पुढे जाण्याची सोय चालू केली, शिवाय फाइल पूर्ण पोचेपर्यंत तात्पुरत्या नावाने राहील अशी व्यवस्था केली, जेणेकरून कचेरीत अर्धा करडा फोटो कुणी उघडणार नाही. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांतच ठेवतो. देवनागरी नाव आमच्या सर्व्हरवर प्रश्नचिन्हांची माळ होऊन उतरतं.

सिमच्या बाबतीत मी एक गावठी उपाय करतो आणि तो कुठल्याही चाचणीपेक्षा खरा निघतो. गावात पोचल्यावर रिचार्जच्या दुकानात विचारायचं, इथे सगळ्यात कमी कोणतं सिम चालतं? दुकानदार जे नाव तोंड वाकडं करून सांगेल, ते सिम रात्रीसाठी. त्याचबरोबर उजेड असतानाच गर्दीबाहेरची एक जागा पाहून ठेवतो, कुठून जायचं आणि कुणाच्या गाडीवर हेही ठरवून. रिकाम्या मैदानातल्या चाचणीवर आता विश्वास नाही. घ्यायचीच तर सत्कार चालू असताना, मैदान भरल्यावर घेतो.

पण खरा धडा त्या रात्रीनंतर दहाएक दिवसांनी, चहाच्या टपरीवर मिळाला. त्या मैदानाचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणारी मंडळी भेटली. माझ्यापासून तीस-चाळीस फुटांवर त्यांचं मचाण होतं. मी सहज विचारलं, तुमचं प्रक्षेपण अडकलं नाही का? त्यातला एक जण म्हणाला, "अडकेल कशाला? केबलवाल्याने फायबर ओढून दिली होती की." गावातल्या केबलवाल्याने यात्रेपुरती वायर टाकली होती, मचाणावर राउटर होता आणि त्याला लॅनची, म्हणजे इंटरनेटची वायर लावायची, दोन भोकं मोकळी होती. मी लॅपटॉप छातीशी धरून पाणंदीने पळत होतो तेव्हा.

मोठ्या स्टेडियममध्ये फोटोग्राफरच्या जागेवर लॅनची भोकं असतात, आणि ऑलिंपिकसारख्या स्पर्धेत तर कॅमेऱ्यालाच केबल जोडून फोटो परस्पर एडिटरकडे जातो. ते मला वाचून माहीत होतं. आपल्या यात्रेत मचाणावर तीच सोय असू शकते हे डोक्यात आलं नाही, कारण मी तिथे फक्त टॉवर शोधत होतो. पुढच्या हंगामापासून पिशवीत २० मीटर लॅन केबल आणि लॅपटॉपला लावायचा अडॅप्टर असतो. संध्याकाळी मचाणावर जायचं, "दादा, दोन फोटो पाठवायचेत, एक भोक देता का?" म्हणायचं. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. एकाने फक्त त्यांच्या चॅनेलसाठी दोन फोटो मागितले, ते कचेरीला विचारून, पान छापून झाल्यावर दिले.

फोटोओळीचं मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही. फोटोच्या आत युनिकोडमध्ये ओळ भरून पाठवली, तरी पान लावायचा जुना संगणक ती नीट वाचत नाही. ऑपरेटर ती पाहून पुन्हा श्रीलिपीत, म्हणजे त्या संगणकावरच्या जुन्या मराठी टायपात, टाइप करतो. त्या रात्री तर ती हलगीच्या आवाजात फोनवरून गेली होती. सकाळी सात वाजता पहिला फोन आला तो जिंकलेल्या पैलवानाच्या चुलत्यांचा. फोटो झकास आलाय म्हणाले, आखाड्यात लावणार आहोत म्हणाले. "पण साहेब, आमचं गाव बेलवळे. तुम्ही बेलवडे छापलंय." बेलवळे कागल तालुक्यातलं, बेलवडे कऱ्हाडकडचं. दुसऱ्या दिवशी दोन ओळींची दुरुस्ती छापून आली. आता फोनवर गाव सांगितलं की लगेच तालुकाही सांगतो, आणि समोरच्याकडून एकदा वाचून घेतो.